तेरा मैलांवरचा परदेश

१९६४ च्या जुलैत जर्मनीहून ते पत्र आले आणि माझे घरात एका जागी बसणे संपले. जेवताना मी पाटावरून अर्धवट उठत असे, वर्तमानपत्राचा तोच रकाना पुन्हा वाचत असे, आणि संध्याकाळी चामराजपेटेतल्या आमच्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत असे. समोरच्या किराणा दुकानदाराने एकदा मला थांबवून विचारले, "सार, काही हरवलं काय? सांगा, मीही स्वल्प बघतो."

हरवले काही नव्हते. शहराच्या पूर्वेकडे यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी दंतचक्रांच्या तपासणी विभागात इंजिनिअर होतो. कारखान्याने मला वर्षभराच्या शिक्षणासाठी जर्मनीत पाठवले होते. परत आल्यावर दोन वर्षे येथेच काम करण्याचा करार त्याच पावसाळ्यात पुरा होत होता. आता तिथल्या कंपनीने लिहिले होते की त्यांच्या तपासणी विभागात मला कायमची जागा आहे, पत्नीसह यावे, राहायला घर मिळेल, आणि सप्टेंबरअखेर होकार किंवा नकार कळवावा.

तिथल्या मापनाच्या खोलीची मला स्वप्ने पडत. बारा महिने एकच तापमान राखलेली ती खोली, भिंतीलगतची काचेची कपाटे, आणि एखादे माप चुकले तर आवाज न चढवता पुन्हा मोजणारी माणसे. इथे एका साध्या मापकासाठी आयात परवान्याची वाट पाहत आम्ही ऋतू मोजत होतो. दुसरीकडे अण्णा होते. माझे वडील भीमसेनराव तारखात्यातून निवृत्त झाले होते. वय सत्तरीला टेकलेले, आई जाऊन बरीच वर्षे झालेली. घर त्यांची विधवा बहीण सांभाळी. तिचे नाव पद्मावती, पण अण्णांसकट सगळी गल्ली तिला अक्का म्हणे. मी एकुलता एक. मी जाण्याची कारणे कागदाच्या एका बाजूला आणि राहण्याची दुसऱ्या बाजूला लिहून पाहिली, आणि दोन्ही बाजू सारख्याच भरल्यावर कागद फाडला. असे अनेकदा झाले.

माझी पत्नी वसुमती हिने मात्र एकच वाक्य उच्चारले होते. "मला जायचंय," ती म्हणाली, "पण तुम्हाला ओढत न्यायचं नाही." ती बी.एस्सी. झालेली होती आणि लग्नानंतरची तीन वर्षे अक्काच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात, कशाला शिवायचे आणि कशाला नाही, याच्या अभ्यासात घालवत होती. एका जुन्या पुस्तकावरून ती जर्मन शिकू लागली होती. भाजी निवडताना तिचे ओठ हलत. अक्काला वाटे, ती स्तोत्र म्हणते.

चाचणीची कल्पना मला कारखान्यात सुचली. आमच्याकडचे कोणतेही यंत्र चालवून पाहिल्यावाचून दाराबाहेर जात नसे. आधी ते रिकामे फिरवायचे, मग त्याला भार द्यायचा आणि मग सही करायची. मला वाटले, यंत्राला जो न्याय तो माणसाला का नको? माझा सहकारी हंबीरराव, जो आमच्याच शेजारच्या घरात राहत होता आणि कारखान्याच्या बसमध्ये रोज माझ्या बाजूला बसत होता, त्याला मी ही योजना सांगितली. एक महिना मी आणि वसुमतीने दूर कुठेतरी खोली घ्यायची, परदेशात आहोत असे समजून राहायचे, घरी यायचे नाही, आणि महिन्याअखेर काय वाटते ते पाहायचे.

हंबीरराव बस थांबेपर्यंत हसत राहिला. "आणि वेळ? जर्मनीचं घड्याळ लावणार की आपलं?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही रे. बायको माहेरी पाठवून माणसं चाचणी घेतात. तू बायकोला घेऊन माहेरापासून पळतोयस. जा बाबा, पोचल्यावर बर्फ पाठव."

अण्णांना विचारायला मला भीती वाटत होती, पण त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी टकटक करत सगळे ऐकून घेतले. ही त्यांची जुनी सवय होती. विचार करताना त्यांची बोटे तारेची लिपी वाजवत. ती लिपी मी कधी शिकलो नाही.

"कुठे राहणार, सुधी?" त्यांनी विचारले.

"व्हाइटफील्डला. तेरा-चौदा मैल असेल. आगगाडीने कारखाना जवळच पडतो."

"सरी, ठीक आहे. पण करायचं तर नीट कर. तुझे नियम फार ढिले आहेत." आणि त्यांनी स्वतःच नियम कडक केले. घरी यायचे नाही, सणालाही नाही. हंबीररावाला घरची खबर विचारायची नाही. पत्र लिहून झाले की आठ दिवस ते घरातच ठेवायचे आणि मग टपालात टाकायचे, कारण जर्मनीचे टपाल तेवढे दिवस घेते. हाच नियम त्यांच्या पत्रांनाही.

अक्का दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे गौरीला सून घरात नाही? तेरा मैलांवर बसून ती काय पाहुण्यांसारखी कुंकवाची वाट बघणार?"

"जर्मनीत गौर येते काय अक्का?" अण्णा म्हणाले.

"येत नाही म्हणूनच म्हणते, जाऊ नका!"

"आणि काही झालं तर?" मी विचारले. "तब्येतीचं वगैरे?"

अण्णांची बोटे थांबली. "तार देण्यासारखं असलं तर तार देईन. आयुष्य त्यातच गेलंय माझं. ते माझ्यावर सोड."

मी सोडले. माझ्या दृष्टीने तो मुद्दा तिथेच निकालात निघाला होता.

व्हाइटफील्डला मिसेस रोझारिओ नावाच्या वृद्ध अँग्लो-इंडियन बाईंच्या बंगल्यामागे दोन खोल्या मिळाल्या. बाई ऑस्ट्रेलियाला मुलाकडे जायच्या होत्या. त्यांच्या पेट्या बांधून दीड-दोन वर्षे झाली होती. कागदपत्रांत काहीतरी अडकले होते. रोज सकाळी त्या एका पेटीचे कुलूप उघडून चमचे बाहेर काढत, आणि रात्रीचे जेवण झाले की ते पुसून परत पेटीत ठेवत. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. आम्ही तर फक्त महिन्यासाठी आलो आहोत असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मीही महिन्याभरासाठीच आहे," आणि मोठ्याने हसल्या.

वसुमती तिथे बदलली. पहिल्या आठवड्यातच तिने मिसेस रोझारिओंची जुनी सायकल मागून घेतली आणि सुरूच्या झाडांखालच्या रस्त्यावर धडपडत ती चालवू लागली. नऊवारीची सवय नव्हतीच. पाचवारीचा पदर खोचून ती स्टेशनापर्यंत जाई आणि मी गाडीतून उतरे तेव्हा फलाटाच्या कुंपणाला सायकल टेकवून उभी असे. स्वयंपाक तिला हवा तसा, हवा तेव्हा होई. एके दिवशी तिने आमटीच नाही म्हणून जाहीर केले. "आज पाव आणि बटाटे. जर्मनीत आमटी कोण देतंय?" बोलताना तिचा आवाज मोठा येऊ लागला होता. चामराजपेटेत ती किती हळू बोलत होती, हे मला तिथे कळले.

माझे मात्र तसे नव्हते. सकाळी गाडी बंगल्यामागून धडधडत जाई आणि मी हातातला पेला खाली ठेवी. तिकीट काढले की थोड्याच वेळात शहर, तिथून बसने घर. जर्मनीत निदान समुद्र आडवा असता! इथे आडवा होता तो फक्त आमचा नियम. रविवारी मी उगाचच स्टेशनवर जाऊन बसे आणि शहराकडे जाणाऱ्या गाड्या सोडून देई. वसुमती म्हणे, "एवढं असेल तर जाऊन या ना."

"मग चाचणी कसली?"

"तेही खरंच. बसा मग तळमळत, नियमाप्रमाणे."

अण्णांची पत्रे येत ती आठ दिवस शिळी होऊन. इकडे सर्व क्षेम. पाऊस बरा आहे. अक्काने बरणीतले लोणचे संपवून नवे घातले. आंब्याचे नव्हे, लिंबाचे. मला ती पत्रे वाचून हायसे वाटे आणि दुसऱ्या क्षणी राग येई, की त्यांना माझ्यावाचून इतके क्षेम कसे?

भाद्रपद लागला तसा हंबीरराव विचित्र वागू लागला. तो जेवणाच्या सुटीत माझ्याबरोबर बसेना. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. दोनदा तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. एकदा मी त्याला नळाशी गाठले.

"घरी कोणी आजारी आहे का रे?"

"घरी नाही. शेजारी."

"शेजारी कोण?"

तो तोंडावर पाणी मारत राहिला. मग पंच्याने चेहरा पुसत म्हणाला, "तू परदेशात आहेस ना? मग माझे शेजारी तुला कसे ठाऊक असणार?"

त्याने माझाच नियम मला ऐकवला म्हणून मी हसलो. तो हसला नाही. मी परत यंत्राशी गेलो आणि दुपारभर एकच दंतचक्र मोजत राहिलो, कारण आकडा मनात राहत नव्हता. संध्याकाळी वसुमतीला हे सांगितले तेव्हा तिने सायकल थांबवली.

"त्यांच्या शेजारी आपण राहतो," ती म्हणाली.

"दुसऱ्या बाजूलाही बिऱ्हाड आहे."

"आहे."

"आणि तसं काही असतं तर अण्णांनी तार दिली असती. त्यांनी शब्द दिलाय."

तिने माझ्याकडे पाहिले आणि सायकल पुढे ढकलली. महिना संपायला थोडेच दिवस राहिले होते. माझी पावले परत स्टेशनाकडे, शहराकडच्या फलाटावर वळली आणि तिथेच थबकली. चाचणी अर्ध्यावर मोडली तर तिचा निकाल काय लिहायचा, हा प्रश्न मला त्या क्षणी खरोखर पडला. गाडी आली आणि गेली.

महिना संपला त्या सकाळी आम्ही चामराजपेटेत पोचलो. अण्णा खुर्चीत बसले होते, अंगावर शाल होती. मी नमस्काराला वाकलो तेव्हा शालीखालून पांढरे प्लास्टर दिसले. डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत बांधलेला होता. गाल आत गेले होते. श्वास घेताना छातीतून बारीक आवाज येत होता.

अक्का आतून बाहेर आली आणि इतके दिवस तोंडात धरून ठेवलेले सगळे एकदम बाहेर पडले. आम्ही गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात अण्णा न्हाणीघरात घसरून पडले होते. हात मोडला. त्यावर ताप चढला, तो छातीत उतरला, आणि हंबीररावाने त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. दोन दिवस डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. "मी म्हटलं, पोराला बोलव. हंबीरराव म्हणाला, आत्ता जाऊन घेऊन येतो. आणि हा! नाकाला नळी, बोलताना धाप, आणि बोट हलवून म्हणतो, नाही. शपथ घातली आम्हाला. गौर आली नि गेली, मी दवाखान्यात बसून."

मी अण्णांकडे वळलो. "तार देईन म्हणाला होतात."

"तार देण्यासारखं असलं तर, म्हणालो होतो." ते शांत होते, किंबहुना खूश दिसत होते. "बस खाली. अरे, तीस वर्षं मी त्या तारा पाठवल्या. फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. बनारसला, रंगूनला, कुठेकुठे. त्या तारेनं माणूस पळत सुटतो, एवढंच होतं. वेळेवर पोचलेला मी तरी फारसा पाहिला नाही. जर्मनीहून तू किती दिवसांत आला असतास?"

"मी जर्मनीत नव्हतो अण्णा! तेरा मैलांवर होतो!"

"मग चाचणी कसली?" ते म्हणाले.

तेच शब्द मी वसुमतीला ऐकवले होते. ती दाराशी उभी होती आणि तिने मान खाली घातली.

अण्णा पुढे सरकले. "हे बघ, निकाल चांगला आहे. तू नव्हतास. मी पडलो, आजारी पडलो, बरा झालो. अक्का होती, हंबीरराव होता. चाललं की नाही? आता मोकळ्या मनानं होकार लिही. मी म्हणतो, जा."

मी रिकामी चाचणी मांडली होती. भार अण्णांनी घातला होता. आणि त्यांच्या हिशेबी यंत्र उत्तम चालले होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती पत्रे येत होती. दवाखान्याच्या खाटेवरून, शाबूत उजव्या हाताने, त्यांनी मला लिंबाच्या लोणच्याबद्दल लिहिले होते, आणि मी ते वाचून रागावलो होतो. परदेश म्हणजे एकटेपणा, थंडी, वेगळी भाषा असे मी धरून चाललो होतो, आणि त्या सगळ्याला मी तयार होतो. क्षेम लिहिलेल्या कागदाकडे बघत, तो खरा की खोटा हे ओळखता न येता पंधरा-वीस वर्षे बसायचे, हे माझ्या कोणत्याच कागदावर लिहिलेले नव्हते.

तीन-चार दिवस गेले. रस्त्यावरच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. मग एका संध्याकाळी मी अण्णांसमोर बसलो.

"मी जातो," मी म्हणालो. "पण एक वचन द्या. जे असेल ते कळवायचं. पडलात तर पडलो म्हणून. ताप आला तर ताप."

उजव्या हाताची बोटे खुर्चीवर वाजू लागली आणि बराच वेळ वाजत राहिली. त्यांना एका शब्दात मला पाठवून देता आले असते. मी वाट पाहत होतो आणि वसुमतीही वाट पाहत होती. तिने हातातले पुस्तक मिटले होते.

"ते नाही जमणार," अण्णा शेवटी म्हणाले.

"का?"

"तू येशील म्हणून. नाही आलास तर तळमळत बसशील म्हणून. वेळ आली की मी पुन्हा तेच करीन, हे मला ठाऊक आहे. मग तुला वचन कसं देऊ? खोटा शब्द मी तारेवरसुद्धा पाठवला नाही कधी."

"मग मी जात नाही."

"सुधी!" ते खुर्चीत उठू लागले आणि प्लास्टरचा हात आपटला. "म्हणजे माझा हात फुकट मोडला?"

आतून अक्काचे हसू ऐकू आले की रडू, हे मी सांगू शकत नाही. अण्णा रागाने भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

वसुमती परसात होती. मी तिच्यामागे गेलो, तेव्हा ती वाळत घातलेले कपडे उगाचच पुन्हा पिळत होती.

"चाचणीत मीही होते," ती म्हणाली. "माझा निकाल कुणी विचारला नाही."

"तो मला माहीत आहे, वसु."

"माहीत असणं वेगळं." तिने हातातले धोतर दोरीवर टाकले. "अण्णांना सोडून चला, असं मी म्हणणार नाही. त्यांना पाहिल्यावर मलाही म्हणवणार नाही. पण व्हाइटफील्डला मी जशी होते तशी इथे राहणार आहे. हे अक्कांना तुम्ही सांगायचं. मी नाही."

"सांगतो."

"आणि जर्मन सोडणार नाही."

"आता कशाला ते?"

"कशालाही नाही," ती म्हणाली.

मी अक्काला सांगितले. त्या संभाषणाचा तपशील इथे देत नाही. अक्काने दोन दिवस वेगळी चूल मांडली, एवढे पुरेसे आहे. पुढच्या रविवारी वसुमती एकटी व्हाइटफील्डला गेली आणि मिसेस रोझारिओंकडून ती सायकल विकत घेऊन गाडीच्या डब्यात घालून आली. बाई अजून तिथेच होत्या. चमचे पुन्हा पेटीत गेले होते म्हणे.

सप्टेंबर संपायच्या आत मी नकार लिहिला. प्रत्येक वाक्य मोजून लिहिले, आभार मानले, कारण 'घरगुती' एवढेच दिले. पाकीट चिकटवून मी दाराशी आलो, बाहेर गेलो, परत आलो, पुन्हा बाहेर गेलो. समोरचा दुकानदार मान उंच करून पाहू लागला.

"द्या इकडे," वसुमती म्हणाली. "तुम्ही गल्लीतच फिरत बसाल." तिने पाकीट घेतले, पदर खोचला आणि सायकल रस्त्यावर उतरवली. किराणा दुकानासमोर ती थोडी डळमळली, मग सरळ झाली आणि मोठ्या पोस्टाच्या दिशेने वळून दिसेनाशी झाली.

आत अण्णांची बोटे खुर्चीवर टकटक करत होती. आठवडाभरात पहिल्यांदाच मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"काय पाठवताय?" मी विचारले.

"काही नाही. लाइन चालू आहे का, बघतोय." ते भिंतीकडेच पाहत होते, पण बोलले होते.

वसुमतीला यायला फार वेळ लागला. पोस्ट इतके दूर नव्हते. मी तीनदा दारात जाऊन आलो, चौथ्यांदा अण्णा म्हणाले, "बस रे. येईल." ती आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि पायांवर चिखलाचे शिंतोडे होते.

"टाकलं," ती म्हणाली. "येताना जरा लांबून आले."

किती लांबून, ते मी विचारले नाही. ती रोज सायकल काढू लागली, आणि रोज लांबूनच येई.